कोकणातली नोकरी, धंदा आणि बदलतं काम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आयटीआयमध्ये शिल्प निदेशक, म्हणजे ट्रेड शिकवणारा मास्तर, म्हणून नोकरी झाली. निवृत्तीनंतरही लोक विचारायला येतात. कुणी एसटी स्टँडवर गाठतं, कुणी व्हॉट्सॲपवर मुलाचा बायोडेटा पाठवून खाली नुसतं ‘बघा’ एवढंच लिहितं. प्रश्न बहुतेक तेच ते असतात, म्हणून उत्तरं एका जागी मांडली आहेत. माझा वावर मुख्यतः रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातला. पालघर-रायगडवाल्यांनी थोडं इकडचं तिकडं करून वाचावं.

बोर्डात कोकण पहिला येतो, मग गावात तरुण का दिसत नाहीत?

दहावी-बारावीच्या निकालात कोकण विभाग वर्षानुवर्षं राज्यात वर असतो, आणि निकाल लागला की आठवड्याभरात निम्मी मुलं मुंबईच्या गाडीत असतात. ही सवय जुनी आहे. लालबाग-परळच्या गिरण्यांनी कोकणातल्या कित्येक पिढ्या पोसल्या आणि मनीऑर्डरवर गावं चालली. जानेवारी १९८२ मध्ये दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात उतरले आणि पुढं गिरण्याच बंद पडत गेल्या. तरी मुंबईला जाणं थांबलं नाही. फक्त गिरणीच्या जागी कॉल सेंटर, कुरिअर आणि मॉल आले.

‘इथं कामच नाही’ हे मात्र अर्धंच खरं. रत्नागिरी-देवगडच्या आंबा बागांत राखणीला आणि काढणीला नेपाळहून माणसं येतात. बोटींवर खलाशीही बाहेरचे असतात. काम आहे, पण ते वर्षभर पगार देणारं नाही आणि त्याला मान नाही. स्थळ बघताना अजूनही ‘मुंबईला खोली आहे का’ हाच पहिला प्रश्न असतो. त्याचं उत्तर माझ्याकडे नाही.

गावात राहून करिअर होतं का?

होतं, पण ते एकाच नोकरीवर क्वचित उभं राहतं. इथलं घर दोन-तीन मिळकतींवर चालतं आणि त्या कॅलेंडरप्रमाणे येतात. मार्च ते मे आंबा, मे आणि दिवाळीत पर्यटक, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, मग गणपती. कुडाळ-मालवणकडच्या चांगल्या इलेक्ट्रिशियनचं वर्ष बघा. उन्हाळ्यात पंप आणि लॉजचे एसी, पावसात इन्व्हर्टर आणि जळलेल्या मोटारी, गणपतीत मंडपाची लायटिंग, पाऊस सरला की नव्या घरांचं वायरिंग. त्याला बारा महिने काम आहे, आणि शहाणा असेल तर वायरमनचं लायसन्सही आहे.

लक्षात घ्या, कामं चार असली तरी विद्या एकच आहे. सकाळी दूध, दुपारी एलआयसी, संध्याकाळी जमिनीची दलाली असं करणाऱ्यांचं ‘एक ना धड भाराभर चिंध्या’ होतं. गाव तुम्हाला कुठल्या कामासाठी फोन करतं, ते आधी पक्कं व्हायला हवं.

मुलाला आयटीआयला घालू की डिग्रीला?

मी आयटीआयचा माणूस, तेव्हा माझ्या उत्तराला थोडी सूट द्या. तरीही सांगतो. नुसती बी.ए. किंवा बी.कॉम. करून गावात बसलेली मुलं मी भरपूर पाहिली, इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक होऊन बसलेला क्वचित.

लोटे-परशुराम, महाड, रोहा, तळोजा, पाताळगंगा हा सगळा पट्टा रसायनांचा आहे. तिथं ‘अटेंडंट ऑपरेटर केमिकल प्लांट’ हा दोन वर्षांचा ट्रेड चालतो. मुलं त्याला एओसीपी म्हणतात. आईबाप नावच ऐकलेलं नसल्यामुळे इलेक्ट्रिशियनच्या रांगेत उभे राहतात. मग इलेक्ट्रिशियनला मेरिट आकाशाला भिडतं आणि बाजूच्या ट्रेडची जागा रिकामी राहते.

ट्रेड निवडताना तीन गोष्टी विचारा. पन्नास किलोमीटरच्या आत हे काम कोण देतं? अप्रेंटिसशिप कुठं मिळते? पुढची वाट कुठं जाते? शेवटचा प्रश्न लोक विसरतात. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केला तर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, डिप्लोमावरून इंजिनीअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला. म्हणजे आयटीआयला गेला म्हणून शिक्षण संपलं, असं होत नाही. लोणेऱ्याच्या तंत्रशास्त्र विद्यापीठापर्यंत वाट जाते. फक्त ती हातात पान्हा घेऊन जाते.

अप्रेंटिसशिप टाळू नका. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. स्टायपेंड पगाराएवढा नसतो म्हणून मुलं सोडून पळतात आणि दोन हजार जास्त देणारं हेल्परचं काम धरतात. पाच वर्षांनी शिकाऊ म्हणून टिकलेला ऑपरेटर होतो, दुसरा हेल्परच राहतो.

कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर आहे. परमनंट होईन म्हणून किती वर्षं थांबू?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून सविस्तर.

पहिलं म्हणजे २४० दिवस भरले की आपोआप परमनंट होतो, ही समजूत सोडा. तुम्ही कंत्राटदाराच्या रोलवर असाल तर कंपनी तुम्हाला आपोआप आपला कामगार मानत नाही. कोर्टात जाता येतं, पण ती वेगळी वाट आहे आणि लांबची.

दुसरं, परमनंटची वाट बघताना स्वतःचे हक्काचे पैसे सोडू नका. मूळ पगाराच्या १२ टक्के पीएफ तुमचा कापला जातो, तेवढाच वाटा मालकाचा. कंत्राटदार बदलला तरी यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, एकच राहायला हवा. आमच्याकडे दर कंत्राटदाराबरोबर नवा नंबर काढून घेतलेली माणसं येतात आणि जुन्या खात्यातले पैसे कुठं गेले हे त्यांना सांगता येत नाही. मोबाइलवर पासबुक बघायला शिका, दर तिमाहीला बघा. कंत्राटदारानं पीएफ भरला नाही तर मूळ कंपनीवरही जबाबदारी येते, हे कंपनीच्या एचआरला माहीत असतं. तुम्हालाही माहीत असू द्या. महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असेल तर ईएसआयसी, म्हणजे कामगार विमा, लागू होते. कार्ड काढून घ्या, ते फक्त कापण्यासाठी नाही.

तिसरं, नोकरी सुटली की पीएफ काढून टाकायची घाई. मोटारसायकल येते, पेन्शन जाते. पेन्शनसाठी दहा वर्षांची सेवा लागते आणि ती वेगवेगळ्या कंपन्यांतली जोडून धरता येते, पण तुम्ही मध्ये हिशोब मिटवला नसेल तरच.

ग्रॅच्युइटीला पाच वर्षं लागतात, हा जुना नियम. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितेत, थेट कंपनीच्या ठरावीक मुदतीच्या करारावर असलेल्यांना एका वर्षानंतरही प्रमाणात मिळू शकते. तुमच्या नेमणूकपत्रावर नाव कंपनीचं आहे की कंत्राटदाराचं, ते आधी वाचा. नेमणूकपत्रच नसेल तर मागा. ‘साहेबांना वाईट वाटेल’ म्हणून न मागणारे आमच्याकडे फार.

आता मूळ प्रश्न. माझ्या मते तीन वर्षं. तेवढ्यात तुम्हाला नवीन मशीनवर, नवीन सेक्शनला बसवलं असेल, तुमच्या शब्दाला शिफ्टमध्ये वजन असेल, तर थांबण्यात अर्थ आहे. तीन वर्षं तेच ड्रम ढकलत असाल, तर परमनंट केलं तरी ड्रमच ढकलाल.

वय पंचेचाळीस. प्लांटमध्ये सगळं स्क्रीनवर आलं. आता माझं काय?

पूर्वी व्हॉल्व्ह हातानं फिरवायचा, आता डीसीएसवर, म्हणजे कंट्रोल रूमच्या कॉम्प्युटरवर, क्लिक करतात, एवढाच फरक नाही. चार माणसांचं काम दोघं करतात आणि त्या दोघांत तुम्ही असाल का, हा प्रश्न आहे. भीती खोटी नाही. गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांवर, वीस वर्षं घालवलेला कामगार संपानंतर वॉचमन झाला किंवा गावी येऊन बसला, तो कामात कमी पडत होता म्हणून नव्हे. साच्याबाहेर आपलं काय चालेल, हे ना त्याला कुणी सांगितलं, ना विचार करायला वेळ मिळाला.

तुम्हाला वेळ मिळतो आहे. कंट्रोल रूममध्ये बदली शिफ्ट मागून घ्या, रात्रपाळी का असेना. प्लांटचा नकाशा, म्हणजे पी अँड आयडी, वाचायला शिका. लाइन कुठून कुठं जाते हे तुमच्या पायांना पाठ आहेच, कागदावर ओळखणं महिन्याभराचं काम. लॉगबुक स्वतः लिहा. वर्क परमिट, एसओपी, मॉक ड्रिल यांत पुढं राहा. अलार्म वाजला की नवा मुलगा स्क्रीन बघतो, जुना माणूस नाक वर करून वास घेतो. कारखान्याला दोन्ही लागतात, पण तुमचं ज्ञान साहेबाला दिसलं पाहिजे. शिकताना पोराच्या वयाच्या इंजिनीअरला ‘सर, हे दाखवा’ म्हणावं लागतं. इथंच बहुतेक अडकतात, कॉम्प्युटरपाशी नाही.

एआयमुळे माझी नोकरी जाईल का?

नुसती टायपिंग, डेटा एंट्री, ठरलेल्या नमुन्यातली पत्रं हे काम आटतं आहे, आणि एमएस-सीआयटीच्या सर्टिफिकेटवर ऑफिसात चिकटण्याचे दिवस गेले. टॅलीत नोंदी करणाऱ्यापेक्षा, जीएसटीची नोटीस आली तर व्यापाऱ्याला काय उत्तर द्यायचं हे सांगणारा टिकेल. पंपाचं बेअरिंग बदलणाऱ्याला तूर्त धास्ती नाही. पण त्यानंही कोटेशन आणि बिल मोबाइलवर करायला शिकावं. गिऱ्हाईक आता कागदाचा चिटोरा घेत नाही.

कंपनी मुंबई-पुण्याची, काम गावातून. किती दिवस चालेल?

२०२० च्या लॉकडाउनमध्ये पुष्कळ मुलं लॅपटॉप घेऊन माडीवर बसली. आईवडलांना वाटलं, दिवस पालटले. मग कंपन्यांनी आठवड्यातून तीन दिवस बोलावायला सुरुवात केली. कोकण रेल्वे सुरू होऊन पंचवीस वर्षं उलटली, तरी कणकवलीहून आठवड्यातून तीनदा ठाण्याला जाता येत नाही.

अशी नोकरी घेताच असाल तर ‘गावातून काम’ हे पत्रात लिहून घ्या, मॅनेजरच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. मॅनेजर बदलतो. घरात दोन कनेक्शन ठेवा, एक फायबर आणि एक दुसऱ्या कंपनीचं सिम, शिवाय राउटरला इन्व्हर्टर. जून ते सप्टेंबर वीज आणि रेंज दोन्ही रुसतात. ‘आमच्याकडे झाड पडलं’ हे कारण ऑफिसात वर्षातून एकदाच खपतं. सर्वात मोठा तोटा वेगळा आहे. समोर नसलेल्या माणसाला बढती देताना लोक विसरतात. केलेल्या कामाचा दर आठवड्याला चार ओळींचा मेल टाका, कुणी मागितला नसला तरी.

एमपीएससी, तलाठी, पोलीस भरती... किती वर्षं द्यावीत?

एमपीएससीला खुल्या गटाची वयोमर्यादा ३८, मागासवर्गीयांची ४३. मर्यादा तेवढी आहे म्हणून तेवढी वर्षं द्यायची, असा तिचा अर्थ नाही. २०२५ पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली, म्हणजे जुनी पाठांतरंही फार कामाची राहिली नाहीत. माझं मत कडू लागेल: दोन पूर्ण प्रयत्न, आणि तिसरा नोकरी करत. अभ्यासिकेत तिशी ओलांडलेल्या मुलाला परत बाजारात उभं राहणं जड जातं. तो हुशार असतो, पण बायोडेटात सात वर्षं कोरी असतात.

शिपवर किंवा गल्फला पाठवणारा एजंट खरा की खोटा, कसं ओळखायचं?

दापोली, खेड, चिपळूण, रत्नागिरीत घराआड एक माणूस बाहेर असतो, म्हणून फसवणारेही इथंच फिरतात. बहुधा ओळखीतलेच.

शिपसाठी आधी इंडोस नंबर (खलाशांच्या सरकारी नोंदीतला क्रमांक), मग मान्यताप्राप्त संस्थेत प्रशिक्षण, मग सीडीसी, म्हणजे खलाशाचं नोंदपुस्तक. जीपी रेटिंगचा, म्हणजे साध्या खलाशाचा, कोर्स सहा महिन्यांचा. संस्था मान्यताप्राप्त आहे का आणि नोकरी देणाऱ्या कंपनीकडे आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचा, परवाना आहे का, हे नौवहन महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर दिसतं. परवानाधारक कंपनीला नोकरी लावण्यासाठी खलाशाकडून पैसे घेता येत नाहीत. ‘जॉइनिंगचे चार लाख’ म्हणाला की उठून या, चहा प्यायला असलात तरी. कुठल्यातरी भलत्या देशाची सीडीसी पंधरा दिवसांत काढून देतो म्हणणाऱ्यापासून तर लांबच.

गल्फसाठी एजंटाचा परवाना सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासा. तिथं सेवाशुल्काची मर्यादा ३०,००० रुपये अधिक जीएसटी अशी आहे. दहावी न झालेल्यांचा पासपोर्ट ईसीआर असतो आणि आखाती देशांत कामाला जायला त्यांना एमिग्रेशनची, म्हणजे देशाबाहेर जाण्याची, सरकारी मंजुरी लागते. व्हिजिट व्हिसावर जाऊन तिथं कामाचा करून घेऊ, हा सल्ला देणारा स्वतः इथंच राहतो.

घरी परतल्यावरचं आधी ठरवा. दोन करारांच्या मधल्या महिन्यांत पगार नसतो, आणि शिपवरच्या आग, बचाव वगैरे प्रशिक्षणांची प्रमाणपत्रं पाच वर्षांनी नव्यानं घ्यावी लागतात. बंगला आधी बांधून कोर्सला पैसे उरले नाहीत, अशी घरं मला माहीत आहेत.

मुंबईची नोकरी सोडून गावात होमस्टे किंवा आंबा-काजू प्रक्रिया सुरू करावी का?

पहिला प्रश्न भांडवलाचा नाही, सातबाऱ्याचा. उताऱ्यावर आजोबांचं नाव, त्याखाली चुलते, आत्या, त्यांची मुलं, मिळून तीसेक नावं. बँक सगळ्यांची संमती मागते आणि एक चुलतभाऊ बोरिवलीहून ‘बघू’ म्हणतो. त्या ‘बघू’त दोन मे महिने जातात. नोकरी सोडण्याआधी वारस नोंदी, वाटणी किंवा निदान नोंदणीकृत संमतीपत्र हातात असू द्या. किनाऱ्याजवळ बांधायचं असेल तर सीआरझेडची, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकाम-निर्बंधांची, हद्द तपासा. शेजाऱ्यानं बांधलंय, हा पुरावा होत नाही.

दुसरं, हंगाम. तारकर्लीला मे महिन्यात खोली मिळत नाही आणि जुलैत गिऱ्हाईक मिळत नाही. पावसाळ्यात जलक्रीडा आणि किल्ल्याची होडी बंद असते. वर्षाचं उत्पन्न मेच्या भाड्याला बारानं गुणून काढणाऱ्यांचे हप्ते ऑगस्टमध्ये थकतात. वेळासला कासवांच्या हंगामात गावकरी घरातच पाहुणे उतरवतात, जेवण घालतात. नवी इमारत नाही, मोठं कर्ज नाही. सुरुवात अशी करावी.

तिसरं, योजना. सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेत प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये अनुदान धरलेलं आहे. मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात १५ ते ३५ टक्के. अर्ज करताना योजना चालू आहे का, हे जिल्हा उद्योग केंद्रात विचारा. अनुदान कर्जाला जोडलेलं असतं, आधी बँक ‘हो’ म्हणावी लागते. अनुदान गृहीत धरून धंदा मांडू नका. ते नसतं तरी हा धंदा केला असता का, हे बघा.

हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, वेंगुर्ल्याच्या काजूलाही ते आहे. पण मानांकन वापरायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते, हे बागायतदारांनाच पुष्कळदा माहीत नसतं. आणि निसर्गाचा भरवसा धरू नका. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानं श्रीवर्धन-दापोलीकडच्या सुपारीच्या बागा आडव्या केल्या, पुढच्या वर्षी मे मध्ये तौक्ते आलं, जुलैत चिपळूण बुडालं. विम्याचा हप्ता हा फुकटचा खर्च म्हणणारा माणूस त्या वर्षी कुणी भेटला नाही.

घरातल्या एकाचा पगार दोन वर्षं चालू ठेवा. नवरा-बायको दोघांनी एकदम राजीनामे देऊ नयेत.

वडलांची बोट आहे. मुलानं मासेमारीत राहावं का?

बोट चालवायला राहायचं असेल तर हिशोब नीट मांडून राहावं. डिझेल, बर्फ, खलाशांचा पगार चढतो आहे आणि पर्ससीनची मोठी जाळी आणि एलईडी दिव्यांची मासेमारी यांच्या भांडणात पारंपरिक मच्छीमार भरडला जातो. पण बोटीभोवतीची कामं वाढली आहेत. इंजिन आणि फिशफाइंडर दुरुस्ती, शीतसाखळी, कोळंबी-खेकडा संवर्धन, तारकर्लीकडे स्कूबा. रत्नागिरीला शिरगावात मत्स्य महाविद्यालय आहे, चार वर्षांची पदवी. दर्यावर्दी घरातली मुलं तिथं कमी दिसतात, हे मला नेहमी खटकतं. २०२५ मध्ये राज्यानं मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला, मच्छीमारांना किसान क्रेडिट कार्डही मिळतं. बँकेत जाऊन मागावं लागतं.

मुलं झाली म्हणून आठ वर्षं घरी होते. आता कोण घेणार?

घेतात, फक्त ‘काहीच करत नव्हते’ असं मुलाखतीत म्हणू नका. बचत गटाचे हिशोब ठेवले असतील, गटाचं कर्ज फेडून घेतलं असेल, तर तो अनुभव आहे. तारीख-रकमेसह लिहा. नर्सिंग केलेल्या मुलींनी परिषदेची नोंदणी तेवढी जिवंत ठेवावी, चिपळूण-रत्नागिरीच्या खासगी दवाखान्यांना माणूस हवंच असतं. आणि ज्या अजून नोकरीत आहेत त्यांच्यासाठी: पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा कायद्यानं आहे, आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालं असेल तर. ‘आमच्याकडे तशी पद्धत नाही’ हे उत्तर कायद्यात बसत नाही.

गणपतीला रजा मिळत नाही. नोकरी बदलू का?

थट्टेनं विचारतात, पण खरंच राजीनामा देणारे आहेत. जानेवारीतच रजेचा अर्ज टाका, दिवाळीची ड्युटी स्वतःहून घ्या. कोकणाबाहेरच्या साहेबाला पाच दिवस का लागतात हे समजत नाही. त्याला एकदा गावी जेवायला न्या.

प्रत्यक्ष कुठं जाऊन विचारायचं?

जिल्ह्याच्या ठिकाणी कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र असतं, धंद्यासाठी जिल्हा उद्योग केंद्र, बागायतीसाठी दापोलीचं कृषी विद्यापीठ आणि वेंगुर्ल्याचं फळ संशोधन केंद्र. सोमवारी गर्दी असते, मंगळवार-बुधवार बरे. जाताना नेमणूकपत्र, पगाराच्या शेवटच्या तीन स्लिपा, यूएएन, मूळ मार्कलिस्ट आणि धंदा असेल तर ताजा सातबारा न्या. झेरॉक्स तिथंच करू म्हणाल तर दुकानाची वीज गेलेली असते.